कथा आणि तिचा चित्रपट : एका न मिटलेल्या वादाचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

शाहूवाडी तालुक्याच्या उत्तर अंगाने वारणा वाहते. नदीपलीकडे शिराळा आणि त्यापुढे वाळवा तालुक्यातले वाटेगाव, अण्णा भाऊ साठे यांचे जन्मगाव. या खोऱ्यातल्या जुन्या माणसांपुढे 'वारणेचा वाघ' हे नाव काढले की अनेकांना आधी १९७० च्या चित्रपटातले सूर्यकांत आठवतात. अण्णा भाऊंची कादंबरी त्यामागून येते, काहींच्या बाबतीत येतच नाही. आधी जत्रेतल्या तंबूने, मग टीव्हीने आणि आता मोबाइलने चित्रपट मलकापूर-बांबवड्याच्या बाजारापासून आंबा घाटाच्या माथ्यापर्यंत पोचवला. पुस्तक मात्र अजून शाळा आणि गावचे ग्रंथालय यांच्याच भरवशावर आहे. त्यामुळे साहित्यकृती आणि तिचा चित्रपट यांची तुलना इथे बहुधा उलट्या बाजूने सुरू होते. चित्रपट पाहून झालेला असतो, कथा वाचायची राहिलेली असते.

मूळ कथा श्रेष्ठ की चित्रपट, हा वाद मराठीत जुना आहे. तो कुठून आला, त्यात कोणत्या भूमिका आहेत आणि काय अजून सुटलेले नाही, याची नोंद घेणे हा या लेखाचा हेतू आहे. कादंबऱ्यांवरचे चित्रपट आपल्याकडे अधिक गाजले, म्हणून त्यांचा उल्लेख येईलच. पण मुख्य भर लघुकथेवर आहे. कादंबरीचा चित्रपट करताना काय गाळायचे हा पेच असतो, कथेचा करताना काय वाढवायचे हा असतो. हे दोन पेच एकच समजल्यामुळे चर्चेत बराच गोंधळ झाला आहे.

पार्श्वभूमी

कोल्हापूरला या प्रश्नाचा इतिहास घरातलाच आहे. १९१७-१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर यांनी इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. पौराणिक कथानकांच्या त्या काळात १९२५ साली त्यांनी ना. ह. आपटे यांच्या लेखनावरून 'सावकारी पाश' काढला. कर्जात बुडालेला शेतकरी त्यात पडद्यावर आला, आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम. पेंटरांनी हाच विषय १९३६ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा केला. एकाच दिग्दर्शकाने एकच गोष्ट आधी मुक्या आणि मग बोलत्या पडद्यावर मांडावी, हे उदाहरण रूपांतराच्या अभ्यासकाला मोलाचे आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेली प्रभात कंपनीही आपट्यांकडे वळली. त्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर १९३७ चा 'कुंकू' आला.

याच सुमारास साहित्यिक थेट चित्रपटासाठी लिहू लागले. वि. स. खांडेकरांनी कोल्हापूरच्या हंस पिक्चर्ससाठी 'छाया'ची (१९३६) कथा लिहिली. इथे छापील कथेवरून चित्रपट असा क्रमच नव्हता. लेखकाची प्रतिष्ठा होती, कथा पडद्यासाठीच रचलेली होती.

१९६० च्या दशकात छापील कथेवरून चित्रपट काढण्याची वाट रुळली. गोव्यात जन्मलेल्या महादेवशास्त्री जोशी यांच्या कथांवरून 'कन्यादान', 'मानिनी', 'वैशाख वणवा', 'धर्मकन्या', 'जिव्हाळा' असे चित्रपट निघाले. घर, नाती, स्त्रीचे मन आणि शेवटी उजळणारी माणुसकी हा त्यांच्या कथांचा गाभा; तो त्या वेळच्या कौटुंबिक चित्रपटाला मानवला. त्याच काळात अण्णा भाऊंच्या 'वैजयंता', 'फकिरा', 'आवडी', 'माकडीचा माळ' यांसारख्या कादंबऱ्याही पडद्यावर आल्या. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीचे शंकर पाटील कथाकार म्हणून नावारूपाला आले होते. तेही चित्रपटाकडे वळले. १९७२ च्या 'पिंजरा'चे संवाद त्यांचे.

पुढचा ठळक टप्पा २००० नंतरचा. अमोल पालेकरांनी जी. ए. कुलकर्णी यांच्या 'कैरी'वर चित्रपट केला. माधवी घारपुरे यांच्या कथेवर संदीप सावंत यांनी 'श्वास' केला. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे आला तो या चित्रपटामुळे. २०१२ मध्ये उषा दातार यांच्या कथेवरून महेश मांजरेकरांचा 'काकस्पर्श' आला. आणि कोल्हापूर-सांगलीच्या मातीतला 'जोगवा' २००९ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

लघुकथेची वेगळी अडचण

चांगली लघुकथा बरेच काही न सांगता सोडते. दहा-पंधरा पानांत एक वळण, एक भान, एखादा न बोललेला शब्द. वाचक उरलेले मनात भरतो. चित्रपटाला दीड-दोन तास भरायचे असतात, शिवाय कॅमेऱ्याला काहीच मोघम ठेवता येत नाही. कथेत 'म्हातारा' एवढ्यावर भागते. पडद्यावर त्या म्हाताऱ्याचे धोतर किती मळलेले, चप्पल कसली, दाढी किती दिवसांची, हे ठरवावेच लागते.

जी. ए. यांच्या कथेत ही अडचण सर्वांत तीव्र होते. 'कैरी'त आईविना झालेले मूल मावशीकडे येते आणि मावशीच्या संसाराची दाहकता त्या मुलाच्या डोळ्यांनी आपल्याला दिसते. मुलाला समजते थोडे, वाचकाला कळते जास्त. कथेचा सगळा भार या दोहोंमधल्या अंतरावर आहे. कॅमेऱ्याने मावशीला समोरून दाखवले की ती मुलाच्या नजरेतली मावशी राहत नाही, प्रेक्षकाला थेट भेटलेली बाई होते. पालेकरांनी संथ गती आणि मुलाच्या उंचीवरून पाहणे यांवर भर दिला, असे त्यांचे चाहते म्हणतात. जी. एं.च्या वाचकांना तरीही त्या गद्यातला काळोख पडद्यावर उजळून गेल्यासारखा वाटतो. दोन्ही प्रतिक्रिया प्रामाणिक आहेत आणि दोन्ही एकाच अडचणीतून निघाल्या आहेत.

पहिली भूमिका : मूळ कृतीशी इमान

या भूमिकेचे म्हणणे सरळ आहे. लेखकाने कथेचा शेवट, पात्रांचा स्वभाव आणि बोलण्याची ढब विचारपूर्वक ठरवलेली असते. चित्रपटवाला ती कथा तिच्या गुणांसाठीच निवडतो. मग तेच गुण बदलले तर कथा घेतली कशाला? यात नैतिक बाजूही आहे. हयात नसलेला लेखक तक्रार करायला येऊ शकत नाही.

या बाजूचे लोक 'तीसरी कसम'चा (१९६६) दाखला देतात. फणीश्वरनाथ रेणू यांच्या 'मारे गए गुलफाम' कथेवरचा हा चित्रपट बासू भट्टाचार्यांनी दिग्दर्शित केला आणि गीतकार शैलेंद्र यांनी निर्माण केला. संवाद स्वतः रेणूंचे. गाडीवान हिरामन आणि नौटंकीतली हिराबाई यांची ताटातूट होते तिथेच कथा संपते. दोघांना एकत्र आणावे असा आग्रह झाल्याचे आणि तो मानला न गेल्याचे वारंवार सांगितले जाते. स्टेशनवरून गाडी निघते, हिरामन आपल्या बैलगाडीकडे वळतो आणि तिसरी शपथ घेतो. तो शेवट बदलला असता तर आधीच्या दोन शपथांना अर्थ राहिला नसता. शेवट हा कथेच्या बांधणीचा भाग असतो, तो सुटा काढता येत नाही, हा या भूमिकेचा सर्वांत बळकट मुद्दा.

तिची मर्यादाही मान्य करावी लागते. इमान कशाशी राखायचे हे ती नेहमी स्पष्ट करत नाही. घटनांशी, भाषेशी, की वाचून झाल्यावर मनात उरणाऱ्या भावनेशी? यातले एक सांभाळताना दुसरे सुटते.

दुसरी भूमिका : चित्रपट ही स्वतंत्र कृती

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की कथा हा चित्रपटाचा कच्चा माल आहे. चित्रपटाची परीक्षा चित्रपट म्हणूनच व्हावी. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज ब्लूस्टोन यांनी १९५७ मध्येच मांडले होते की शब्द आणि हलते चित्र यांची साधने भिन्न आहेत, म्हणून बदल अटळ आहे. अकिरा कुरोसावा यांचा 'राशोमोन' (१९५०) अकुतागावा यांच्या दोन कथा एकत्र करतो. एकीतून खुनाच्या परस्परविरोधी साक्षी येतात, दुसरीतून पडके वेशीचे दार. शेवटी लाकूडतोड्या टाकून दिलेले मूल उचलतो, तो भाग कुरोसावांचा. कथांत नसलेला दिलासा त्यांनी आणला, तरी चित्रपटाची थोरवी कुणी नाकारत नाही.

सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाडी' (१९७७) इथे बारकाईने पाहण्यासारखा आहे. प्रेमचंदांच्या कथेत अवध बुडत असताना मिर्झा आणि मीर पडक्या वास्तूत बुद्धिबळ खेळत बसतात, डावावरून भांडतात, तलवारी उपसतात आणि दोघेही मरतात. ज्यांनी राज्यासाठी हत्यार उचलले नाही, त्यांनी लाकडी वजिरासाठी प्राण दिले, हा प्रेमचंदांचा घाव. राय यांच्या चित्रपटात पिस्तुलाची गोळी सुटते, पण दोघे वाचतात आणि पुन्हा डाव मांडतात, या वेळी इंग्रजी पद्धतीने. शिवाय वाजिद अली शाह आणि जनरल औट्रम यांची मोठी कथा राय यांनी स्वतः वाढवली. एका बाजूला हे मूळ कथेचे दात काढणे वाटते. दुसऱ्या बाजूला, मरण दिले असते तर त्या दोघांची सुटका झाली असती; लाजेसह जगत ठेवणे ही अधिक कठोर शिक्षा आहे, असाही अर्थ लागतो.

तिसरी भूमिका : काळ आणि समाजाशी संवाद

अलीकडचे अभ्यासक, उदाहरणार्थ 'अ थिअरी ऑफ अडॅप्टेशन' (२००६) लिहिणाऱ्या लिंडा हचन, रूपांतराकडे एका गोष्टीचे नव्या काळातले नवे सांगणे म्हणून पाहतात. एकाच कथेची दोन रूपांतरे शेजारी ठेवली की हे चांगले उमगते. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवर मणी कौल यांनी १९७३ मध्ये 'दुविधा' केला आणि २००५ मध्ये अमोल पालेकरांनी 'पहेली'. व्यापारी नवरा परगावी जातो, भूत त्याचे रूप घेऊन नवरीजवळ राहते. 'दुविधा'त मेंढपाळ युक्तीने भुताला कातडी पिशवीत कोंडतो आणि बाई नको असलेल्या संसारात मागे उरते. 'पहेली'त भूत सुटून नवऱ्याच्याच देहात शिरते आणि बाईला तिचे प्रेम मिळते. पहिला शेवट बाईच्या असहायतेवर बोट ठेवतो, दुसरा तिच्या निवडीला कौल देतो. बत्तीस वर्षांच्या अंतराने त्याच गोष्टीकडून प्रेक्षकाची अपेक्षा बदलली होती, बाजारही बदलला होता. या दोहोंतले कुठले कारण किती, हे ठरवायचे साधन तिसऱ्या भूमिकेकडे फारसे नाही. तिच्यावरचा मुख्य आक्षेप हाच: ती सगळे समजावून सांगते, पण डावे-उजवे करायचे टाळते.

जवळून : 'जोगवा'

आपल्या भागात हा सगळा वाद एका ठिकाणी पाहायचा तर 'जोगवा' घ्यावा. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्या आणि सांगली जिल्ह्यातल्या मळणगावचे कथाकार चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा, अशा तीन कृती त्याच्या मुळाशी आहेत. पटकथा संजय पाटील यांची, दिग्दर्शन राजीव पाटील यांचे.

गोष्ट यल्लमा देवीला सोडलेल्या माणसांची आहे, आणि त्यांचे विश्व कोल्हापूरकरांना परके नाही. मार्गशीर्षात सौंदत्तीला निघणाऱ्या गाड्या, डोक्यावरचा देवीचा जग, चौंडक्याचा आवाज, परतल्यावर कोल्हापुरातल्या ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा, हे अनेक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. गवसांच्या लेखनात हा व्यवहार त्यातल्या भुकेसह, अपमानासह आणि खास बोलीसह येतो. केसांत जट आली म्हणून देवीला सोडलेली सुली एका कादंबरीची. जोगता होऊन लुगडे नेसावे लागलेला तायाप्पा दुसरीचा. कादंबऱ्यांत ही दोन वेगळी आयुष्ये आहेत. चित्रपटाने त्यांना एकाच मेळ्यात आणले, त्यांच्यात प्रेम फुलवले आणि त्या प्रेमातून प्रथेविरुद्धचे बंड उभे केले.

इमानाच्या बाजूने पाहणाऱ्याला हा मोठा फेरफार आहे. कादंबरी वाचताना जो घुसमटलेला एकटेपणा जाणवतो, तो जोडी जमली की विरळ होतो. अजय-अतुल यांचे संगीत त्या वेदनेला देखणे करते, असाही सूर उमटला. स्वातंत्र्याच्या बाजूचे उत्तर असे की तायाप्पाची कोंडी चित्रपटाने देहावर दाखवली. तायाप्पाच्या भूमिकेतले उपेंद्र लिमये लुगड्यात वावरतात तेव्हा ती कोंडी त्यांच्या हालचालींतच दिसते. हे पानावर लिहायला परिच्छेद लागतो, पडद्यावर क्षण पुरतो. तिसऱ्या बाजूचे लोक संदर्भाकडे बोट दाखवतात. गडहिंग्लज परिसरात देवदासींच्या प्रश्नावर चळवळ उभी राहिली होती, कायदा झाला होता. अशा काळात चित्रपटाने सुटकेची शक्यता दाखवणे स्वाभाविक होते. चित्रपटाला सामाजिक प्रश्नावरील चित्रपटाच्या पुरस्कारासह पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि जोगत्या-जोगतिणींचा प्रश्न कादंबरी कधी हातात न घेतलेल्या घरांपर्यंत पोचला.

या सगळ्यात सर्वांत कमी बोलले गेले ते चारुता सागर यांच्या कथेबद्दल. दोन कादंबऱ्यांच्या शेजारी एक लघुकथा श्रेयनामावलीत एका ओळीची होते. तिने चित्रपटाला नेमके काय दिले, हा अभ्यास अजून बाकी आहे.

बोलीचा प्रश्न

ग्रामीण कथेच्या बाबतीत एक मुद्दा वेगळा काढावा लागतो. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाचे कार्यक्रम महाराष्ट्रभर केले. म्हणजे ही कथा पडद्याआधीच कानावर पडली होती. शंकर पाटलांच्या 'धिंड'सारख्या कथा अनेकांनी वाचण्याआधी ऐकल्या. लेखकाच्या तोंडून ऐकलेली बोली हा कथेचा एक अधिकृत पाठच म्हणावा लागेल.

चित्रपटात मात्र बोलीचे गणित बदलते. चित्रपट साऱ्या महाराष्ट्रात चालायला हवा, म्हणून 'आमास्नी-तुमास्नी'ची एक ठोकळेबाज गावरान भाषा तयार झाली, जी कुठल्याच एका गावात तशी बोलली जात नाही. कोल्हापूरचे 'काय करालाइस', माणदेशातला हेल, शाहूवाडीच्या पश्चिम भागात कोकणाकडे झुकणारे उच्चार, हे सगळे तिच्यात सपाट होते. गेल्या काही वर्षांत दिग्दर्शक स्थानिक कलाकार आणि स्थानिक उच्चार यांवर भर देऊ लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण मूळ कथेची बोली राखणे हे इमानाचे कलम मानायचे की केवळ वातावरणाचा भाग, यावर एकमत नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न श्रेयाचा आणि मोबदल्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने रूपांतराचा हक्क लेखकाकडे आहे आणि कृतीची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचाही. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांच्या मानधनाचा हक्क बळकट केला. तरी 'कथेवर आधारित' आणि 'कथेवरून सुचलेले' यांत सीमारेषा कुठे, हे प्रत्येक वेळी करारावर आणि लेखकाच्या ताकदीवर ठरते. स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. अण्णा भाऊंचे निधन १९६९ चे, म्हणजे २०२९ अखेर त्यांचे लेखन सर्वांसाठी खुले होईल. त्यानंतर वारणेच्या खोऱ्यातल्या या गोष्टी कोण, कशा रीतीने पडद्यावर आणेल, याचा विचार आत्तापासून व्हायला हवा.

दुसरा प्रश्न साधनांचा. मूकपटांपैकी बहुसंख्य नष्ट झाले; १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांच्या कोल्हापुरातल्या स्टुडिओचीही होळी झाली. दुसरीकडे दिवाळी अंकांतल्या कथा संग्रहात आल्या नाहीत की हरवतात, आणि मराठी पटकथा पुस्तकरूपाने क्वचितच छापल्या जातात. 'श्वास' पाहिलेले प्रेक्षक असंख्य. माधवी घारपुरे यांची कथा वाचलेले त्या मानाने किती थोडे. तुलना करायची तर दोन्ही पाठ समोर हवेत, आणि बहुतेकदा एकच असतो.

तिसरा प्रश्न समीक्षेचा. विजय पाडळकर यांनी साहित्य आणि चित्रपट यांच्या नात्यावर सातत्याने लिहिले. अरुण खोपकरांनी गुरुदत्त यांच्यावर लिहिताना चित्रपटाची भाषा वाचायला मराठी वाचकाला शिकवले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या नावाची फिल्म सोसायटी महोत्सव भरवते. तरीही साहित्याचे प्राध्यापक कथानकापाशी थांबतात आणि चित्रपटाचे जाणकार मूळ कथा वाचत नाहीत, ही दरी पुरती बुजलेली नाही.

वाद आज कुठे उभा आहे

तिन्ही भूमिका टिकून आहेत, कारण तिन्हींकडे सत्याचा एकेक भाग आहे. तरी लघुकथेपुरते एक पाऊल पुढे टाकता येते, असे मला वाटते. कथेचा चित्रपट करताना भर घालावीच लागते, म्हणून बदल केला का हा प्रश्न फार दूर नेत नाही. घातलेली भर कुठून आली, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. राय यांचा औट्रम प्रेमचंदांच्या कथेतच पार्श्वभूमीला उभा होता. राय यांनी त्याला पुढे आणले. 'जोगवा'तले प्रेम दोन कादंबऱ्यांच्या शेजारीपणातून उगवले. चित्रपटाचा शेवट मात्र काही अंशी चळवळीच्या आणि काही अंशी प्रेक्षकाच्या अपेक्षेतून आला. कथेच्या पोटातून आलेली भर, काळाने मागितलेली भर आणि बाजाराने लादलेली भर अशी वेगळी करता आली, तर वाद आवडीनिवडीवरून उठून पुराव्यावर येईल.

त्यासाठी लागणारे काम मोठ्या शहरांपुरते नाही. तालुक्याच्या एखाद्या ग्रंथालयाने किंवा महाविद्यालयाने आधी कथा मोठ्याने वाचावी, मग चित्रपट दाखवावा आणि दोन्हींतला एकच प्रसंग शेजारी ठेवून चर्चा करावी. ज्यांनी जोगवा मागणारी माणसे दारात पाहिली आहेत, वारणेच्या काठाची बोली ज्यांच्या तोंडात आहे, त्यांना कथेत काय होते आणि पडद्यावर काय आले हे शहरी समीक्षकापेक्षा काही बाबतींत नक्कीच जास्त कळेल. या आढाव्यात सर्वांत मोठी उणीव भासते ती त्यांच्या लेखी साक्षीची. ती मिळू लागली की या वादाची मांडणीच बदलेल.